बाळाची कार सीट गाडीत नीट कशी बसवावी: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

कार सीट आणली, मागे ठेवली, बेल्ट कुठून तरी ओवला, बाळ बसवलं आणि निघाले. ओळखीच्यांच्या गाड्यांत डोकावलं की बहुतेक वेळा हेच दिसतं. वरून सगळं ठीक वाटतं, पण सीटचा खालचा भाग धरून हलवला की ती चार बोटं इकडून तिकडे सरकते. यात आळस क्वचितच असतो. बहुधा क्रम चुकलेला असतो, नाहीतर अमेरिकेतला व्हिडिओ बघून इथल्या बेल्टवर तोच प्रयोग केलेला असतो.

पहिल्या वेळी या कामाला निवांत तासभर ठेवा आणि तेवढा वेळ बाळ घरात कुणापाशी तरी राहू दे. चतुर्थीला गावच्या घरी निघायच्या सकाळी, डिक्कीत गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान भरता भरता हे होत नाही. बाळंतिणीला गोमेकॉ किंवा आझिलो अशा इस्पितळातून घरी आणायचं असेल तर सीट आदल्या आठवड्यातच बसवून ठेवा. इस्पितळाच्या दारात, मागे हॉर्न वाजत असताना, मॅन्युअल उघडून बघायला कुणालाच सुचत नाही.

## १. आधी वजनकाटा, लेबल आणि दोन मॅन्युअल

बाळाचं वजन आणि उंची मोजा. दुकानात ‘एक वर्षाच्या बाळाला’ म्हणून सीट दाखवतात, पण सीट वयावर ठरत नाही.

सीटच्या पाठीला किंवा तळाला बहुधा नारिंगी लेबल असतं. त्यावर गोलातलं ‘ई’ अक्षर आणि मानकाचा क्रमांक शोधा. ‘आर ४४/०४’ असेल तर हिशोब वजनाचा: १३ किलोपर्यंत, ९ ते १८, १५ ते २५, २२ ते ३६ असे गट, किंवा दोन-तीन गट मिळून एक सीट. ‘आर १२९’ असेल तर हिशोब मुख्यतः उंचीचा, सेंटिमीटरमध्ये. भारताचं स्वतःचं मानक एआयएस-०७२ आहे. यातलं काहीच लिहिलेलं नसेल, तर ती सीट किती का गुबगुबीत असेना, घेऊ नका.

नातेवाइकांकडून आलेली जुनी सीट असेल तर सरळ विचारा: हिला कधी अपघात झाला होता का? उत्तर ‘आठवत नाही’ असं आलं तर आभार मानून परत करा. प्लास्टिकला आतून गेलेला तडा डोळ्यांना दिसत नाही.

आता गाडीचं मॅन्युअल. त्यात लहान मुलांच्या सीटचा वेगळा भाग असतो आणि बहुतेक गाड्यांत एक तक्ता: कुठल्या जागी कुठल्या प्रकारची सीट चालते, कुठे चालत नाही. तो तक्ता आणि सीटचं मॅन्युअल शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत मेळ नसेल तर सीट बदलावी लागेल, गाडी बदलत नाही. म्हणून शक्य असेल तर घेण्याआधीच दुकानाबाहेर आपल्या गाडीत ती ठेवून बघा. मला विचाराल तर, आपल्या गाडीत नीट बसणारी साधी सीट ही न बसणाऱ्या महागड्या सीटपेक्षा केव्हाही बरी.

तोंड कुठे? लहान बाळ गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसतं. आर १२९ प्रमाणे निदान १५ महिन्यांपर्यंत तसंच बसवायचं. आर ४४ च्या सीटवर ‘९ किलोपासून पुढे तोंड’ असं दिसतं, म्हणून आठव्या-नवव्या महिन्यातच सीट फिरवतात. ही घाई नको. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. गाडी समोरून आदळली की मागे तोंड असलेल्या बाळाचं डोकं, मान आणि पाठ हे सगळं सीटचं कवच एकत्र झेलतं. पुढे तोंड असेल तर पट्टे खांदे धरून ठेवतात आणि डोकं एकटं पुढे फेकलं जातं. सीटच्या मर्यादेत बसतं तोवर मागेच तोंड राहू द्या. पाय गाडीच्या पाठीला टेकतात हे फिरवायचं कारण नव्हे, मुलं आरामात पाय दुमडतात.

## २. गाडी मोकळी करा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात.

नवी गाडी घेतली की आठवड्याभरात म्हापशाच्या नाहीतर मडगावच्या अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात जाऊन जाड रेक्झिनची सीट कव्हरं चढवायची, ही आपली रीत. त्या कव्हराखाली आयसोफिक्सचे, म्हणजे बाळाची सीट बेल्टशिवाय थेट अडकवायला गाडीतच दिलेले, हूक गडप होतात, बेल्टची बक्कलं आत ढकलली जातात आणि गुळगुळीत पृष्ठभागावर बाळाची सीट घसरत राहते. ज्या जागी सीट बसवायची तिथलं कव्हर काढून टाका, निदान त्या जागेपुरतं. सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ असं लेबल शिवलेलं असेल तर तिथे तसंही असं कव्हर नकोच.

मग हे बघा:

- मागच्या बेल्टची बक्कलं सीटच्या फटीत रुतली असतील तर वर काढा. बेल्ट सावकाश शेवटपर्यंत ओढून बघा, पीळ किंवा फाटका भाग आहे का.
- बझर वाजू नये म्हणून बक्कलात खोचतात त्या खोट्या क्लिपा फेकून द्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांना त्या काढून टाकायला लावल्या होत्या.
- तुमच्या सीटला जमिनीवर टेकणारा पाय असेल तर तिथली जाड मॅट उचला. पायाखाली सामान ठेवायचा कप्पा असेल तर गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते वाचा. कप्प्याच्या पोकळ झाकणावर तो पाय टेकवून चालत नाही.
- गाडी सपाट जागी उभी करा. बाळाच्या सीटच्या कुशीवर कल दाखवणारी रेघ असते, ती जमिनीला समांतर हवी. आल्तिनोच्या चढावर उभ्या गाडीत ती रेघ जुळवली तर खाली मिरामारला उतरल्यावर ती खोटी ठरते.

## ३. जागा ठरवा

सावध: पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेली सीट कधीही लावू नका. एअरबॅग फुगली की ती बाळाच्या डोक्यामागच्या कवचावरच आदळते. याला अपवाद नाही.

मागच्या तीन जागांपैकी मधली कागदावर सगळ्यांत सुरक्षित, कारण दोन्ही दारांपासून लांब. पण जुन्या गाड्यांत मध्ये नुसता कमरेचा बेल्ट असतो आणि बहुतेक गाड्यांत मध्ये आयसोफिक्स नसतं. डाव्या जागेचा एक आणि उजव्या जागेचा एक असे दोन हूक घेऊन मध्ये सीट अडकवणारे महाभागही आहेत. एका जागेच्या दोन हुकांमधलं अंतर २८ सेंटिमीटर ठरलेलं असतं, दुसरी कुठलीही जोडी चालत नाही.

मधली जमत नसेल तर मागची डावी जागा घ्या. आपल्याकडे गाडी डाव्या कडेला थांबते, बाळाला गटाराच्या बाजूने काढता येतं, वाहतुकीच्या बाजूने नाही. पर्वरीच्या किंवा फोंड्याच्या गर्दीत हा फरक रोज कळतो. छोट्या गाडीत मागे तोंड केलेल्या सीटसाठी पुढची सीट थोडी पुढे घ्यावी लागेल. तिथे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागत असतील तर त्याने मागे बसावं.

तपासा: ठरवलेल्या जागी तीन ठिकाणी धरणारा बेल्ट किंवा आयसोफिक्स आहे ना? गाडीच्या तक्त्यात त्या जागेला परवानगी आहे ना?

## ४. बेल्टने बसवताना

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश.

(अ) रस्ता ओळखा. आर ४४ च्या सीटवर बेल्टचे मार्ग रंगाने दाखवलेले असतात: मागे तोंड असेल तर निळा, पुढे तोंड असेल तर लाल. एकच सीट दोन्हीकडे वापरता येत असेल तर दोन्ही रंग दिसतात आणि घाईत बेल्ट लाल खाचेतून जातो, बाळाचं तोंड मात्र मागे. बसवायला सुरुवात करण्याआधी रंगावर बोट ठेवून तो रस्ता एकदा फिरून या.

(ब) कल आधी, बेल्ट नंतर. तान्ह्या बाळासाठी सीट इतकी कललेली हवी की हनुवटी छातीवर पडणार नाही, कारण तसं झालं तर श्वास अडतो. ४५ अंशांहून जास्त आडवीही नको. कल लावून झाल्यावरच बेल्ट ओवा. बेल्ट आवळून झाल्यावर कल बदलला तर सगळं ढिलं पडतं.

(क) बेल्ट ओवा. भरपूर बेल्ट बाहेर काढा. कमरेचा भाग त्याच्या खाचांतून, तिरका भाग त्याच्या खाचांतून. बक्कल ‘टक’ वाजेपर्यंत लावा. आता पूर्ण लांबी बोटांनी चाचपा, एकही पीळ राहता कामा नये.

(ड) दाबा आणि ओढा. बेल्ट जिथून जातो तिथे तळहाताने, गरज पडल्यास गुडघ्याने, बाळाची सीट गाडीच्या गादीत दाबून धरा. आधी कमरेचा भाग घट्ट करा: बक्कलापाशी तिरका पट्टा धरून वर ओढा, ढिलाई तिकडे सरकवा. मग तिरका भाग ओढून उरलेला बेल्ट गुंडाळीत जाऊ द्या. उलट क्रमाने ओढलं तर तिरका पट्टा तारेसारखा ताणलेला दिसतो आणि कमरेचा खाली सैल लोंबतो.

(ई) कुलूप. व्हिडिओंचा गोंधळ इथलाच. अमेरिकेत बेल्ट शेवटपर्यंत ओढला की तो एकेक दात सोडत आवळत जातो आणि परत सुटत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत बेल्ट फक्त हिसका बसला की अडकतो, एरवी मोकळा असतो. म्हणून बाळाच्या बऱ्याच सीटवर बेल्ट चिमटून धरणारी पकड दिलेली असते. ती असेल तर बंद करायला विसरू नका. कुठली बाजू वापरायची हेही तोंड कुठे आहे यावर ठरतं, ते मॅन्युअलमध्ये बघा.

तपासा: बेल्ट जिथून जातो त्या जागी सीट धरा, कवचाच्या वरच्या टोकाला नाही, आणि डावी-उजवी, पुढे-मागे हलवा. २.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा (ड) पासून. मागे तोंड केलेल्या सीटचं वरचं टोक थोडं हलतं, त्याने घाबरू नका.

सावध: बक्कल सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर आडवं पडलेलं दिसलं तर ती जागा त्या सीटला चालत नाही. आदळल्यावर बक्कल तिथेच तुटू शकतं. जागा बदलून बघा, नाही जमलं तर सीट बदला. बेल्ट पुरत नसेल तर बाजारातला जोडबेल्ट लावायचा नाही, हेही तसंच.

पुढे तोंड केलेल्या सीटची पाठ गाडीच्या हेडरेस्टला अडकून पुढे ढकलली जात असेल तर हेडरेस्ट वर करा किंवा काढा. काढलेला घरात ठेवा. गाडीतच मागे टाकलात तर तोच उद्या कुणाच्या तरी डोक्यात बसेल. जत्रेहून येताना मागच्या फळीवर ठेवलेल्या नारळांचंही असंच.

## ५. आयसोफिक्सने बसवताना

काम सोपं, म्हणून लक्ष कमी. हूक गादी आणि पाठीच्या फटीत असतात, बोटाने चाचपून दोन्ही शोधा. सीटचे दोन हात एकाच वेळी त्यांच्यावर ढकला. दोन वेगळे ‘टक’ ऐकू आले पाहिजेत आणि दोन्हीकडच्या खुणा हिरव्या झाल्या पाहिजेत. एक हिरवी, एक लाल म्हणजे न बसवलेली सीट. मग सीट पाठीकडे जोरात रेटा आणि परत ओढून बघा.

दोन हूक सीटला खालीच धरतात. आदळल्यावर ती त्यांच्याभोवती पुढे उलटू नये म्हणून तिसरा आधार लागतो: जमिनीवर टेकणारा पाय, किंवा वरून मागे जाणारा पट्टा, म्हणजे टॉप टेदर. पुढे तोंड केलेल्या सीटचा हा पट्टा गुंडाळून मागे खोचलेला मी इतक्या गाड्यांत पाहिला आहे की आता आधी तोच बघतो.

टेदरचा हूक हॅचबॅकमध्ये बहुधा मागच्या सीटच्या पाठीवर, डिक्कीच्या बाजूने असतो. सेडानमध्ये मागच्या काचेखालच्या फळीवर, छोट्या झाकणाखाली. त्यावर नांगराची खूण असते. सामान बांधायच्या कड्या अगदी तशाच दिसतात, पण त्या हा भार पेलत नाहीत. पट्टा हेडरेस्टच्या दोन दांड्यांमधून न्या, पीळ न देता, आणि ताण येईपर्यंत ओढा.

वजनाची मर्यादाही आहे: बाळ आणि सीट मिळून ३३ किलो. सीट १२ किलोची असेल तर बाळ २१ किलोंचं होईपर्यंतच आयसोफिक्स. काही सीटवर याहून कमी आकडा लिहिलेला असतो, तेव्हा तो पाळा. आयसोफिक्स आणि बेल्ट दोन्ही एकदम लावून ‘डबल सेफ्टी’ करू नका, मॅन्युअल तसं सांगत असेल तेवढाच अपवाद.

## ६. बाळ बसवताना

सीट घट्ट बसली तरी पट्टे सैल असतील तर सगळं वाया. क्रम असा:

१. पट्टे आधी पूर्ण सैल करून दोन्हीकडे बाजूला टाका.

२. बाळाचा पार्श्वभाग सीटच्या कोपऱ्यात टेकवा. पुढे सरकून बसलेलं बाळ पट्ट्यांखालून घसरतं.

३. खांद्याच्या पट्ट्यांची उंची बघा. मागे तोंड असेल तर पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत. पुढे तोंड असेल तर खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून. मूल वाढतं, म्हणून हे दर महिन्याला बघा.

४. बक्कल लावा. मांड्यांवरचे पट्टे वर ओढून ढिलाई खांद्याकडे आणा, मगच पुढची दोरी ओढा. नुसती दोरी ओढली तर खांदे आवळतात आणि कंबर सैलच राहते.

तपासा: गळ्याजवळच्या हाडावर पट्टा दोन बोटांच्या चिमटीत उभा धरून बघा. घडी चिमटीत आली तर अजून ओढा, बोटं घसरली तर पुरे.

थंडीचा जाड कोट आपल्याकडे लागत नाही, पण दुपटं आणि रेनकोट लागतात. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाला पट्टे नीट बसतच नाहीत. सुती कपड्यात बसवा, पट्टे आवळा, मग वरून दुपटं पसरा. पावसात रेनकोट गाडीत शिरल्यावर काढा. सीटसोबत न आलेली उशी, मानेचा गोल किंवा खाली घालायची गादी बाळाच्या अंगाखाली नको.

‘मांडीवर घट्ट धरते ना मी’ असं आजी म्हणणारच. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर १० किलोंचं बाळ हातांना साधारण १४० किलोंचा ओढा देतं. वाद घालू नका, आजीला बाळाच्या शेजारची जागा द्या. कायदाही तेच सांगतो: १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालसुरक्षा सीट लावलेली नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या १९४-ब कलमाखाली १,००० रुपये दंड आहे.

## ७. पहिल्या फेरीनंतर आणि रोज

बसवल्यावर गतिरोधकांच्या रस्त्याने एक छोटी चक्कर मारा आणि परत येऊन (ई) नंतरची तपासणी पुन्हा करा. नवी गादी दबते, बेल्ट थोडा सैल पडतो. त्यानंतर रोज बाळ बसवण्याआधी एक हलवून बघणं पुरतं.

उन्हात गाडी उभी असेल तर बक्कलाच्या धातूला हाताची पाठ लावून बघा, आणि गाडी सोडताना सीटवर पांढरं कापड टाका. बाळाला गाडीत एकटं सोडायचं नाही, पाव आणायला दोन मिनिटं खाली उतरायचं असलं तरी.

रायबंदर–चोडण किंवा दिवाडीच्या फेरीबोटीत गाडी उभी करून इंजीन बंद झालं की बाळाला सीटमधून काढून हातात घ्या आणि जमल्यास गाडीबाहेर उभे राहा. अडचणीत पाच पट्ट्यांचं बक्कल सोडवण्यात वेळ जातो. पलीकडे उतरताना पुन्हा बांधा, ‘आता घर जवळच आहे’ म्हणून नको सोडू.

चोर्ल्याने बेळगावकडे निघालात तर दोन तासांच्या आत एकदा थांबून बाळाला सीटमधून काढून मोकळं करा. अगदी तान्हं असेल तर त्याहून बरंच आधी. घरी पोचल्यावर झोपलं आहे म्हणून त्याच सीटमध्ये झोपवून ठेवू नका.

## ८. बूस्टरची घाई

पाच पट्ट्यांची सीट लहान झाली की बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी सीट, आणि बूस्टरवर मुलाला गाडीचाच बेल्ट लागतो. कमरेचा पट्टा मांड्यांच्या वरच्या भागावर सपाट, पोटावर नाही. तिरका पट्टा खांद्याच्या मधोमध, मानेवर नाही आणि काखेखालून तर नाहीच. गाडीभर लोळणारं, बेल्ट काखेखाली घेणारं मूल वजनात बसत असलं तरी बूस्टरला तयार नाही. शक्यतो पाठ असलेला बूस्टर घ्या. बूस्टर सोडायचा तो साधारण १५० सेंटिमीटर उंचीला. बेल्ट खाली ओढून धरणाऱ्या त्रिकोणी क्लिपा ऑनलाइन स्वस्तात मिळतात, त्या बूस्टरची जागा घेत नाहीत.

## ९. दुसऱ्याची गाडी, वाळू आणि बुरशी

मोपाच्या किंवा डाबोळीच्या विमानतळावर उतरणाऱ्या पाहुण्यांच्या टॅक्सीत कार सीट असेल असं धरून चालू नका. काळ्या पाटीची भाड्याची गाडी घेणार असाल तर आधी फोन करून आयसोफिक्स आहे का आणि मागे तीन ठिकाणी धरणारे बेल्ट आहेत का ते विचारा. मामाच्या, आत्याच्या गाडीत सीट हलवत राहावी लागणार असेल तर बेल्टने बसणारी घ्या, आणि दर वेळी पहिल्या टप्प्यापासून नसलं तरी दुसऱ्यापासून सुरू करा. आपल्या गाडीत घट्ट बसली ती त्यांच्यातही बसेल असं नाही.

किनाऱ्यावरून आलं की वाळू बक्कलात जाते आणि ‘टक’ अर्धवट वाजतो. मॅन्युअल सांगेल तसं बक्कल काढून कोमट पाण्याने धुवा आणि सुकू द्या. तेल किंवा स्प्रे मारू नका, त्याला धूळ चिकटते.

पावसाळ्यात बंद गाडीत कव्हरला बुरशी येते. कव्हर काढून लेबलवर लिहिल्याप्रमाणे धुवा. पट्टे मात्र मशीनमध्ये टाकायचे नाहीत, ब्लीच किंवा इस्त्री नाही, ओल्या फडक्याने पुसायचे. धुण्याआधी पट्टे कुठून कसे ओवलेत त्याचे फोटो काढून ठेवा, परत ओवताना लागतात.

सीटची मुदत बहुधा तळाच्या प्लास्टिकवर छापलेली असते. मुदत संपली किंवा मोठा अपघात झाला तर ती भंगारवाल्याला द्यायच्या आधी पट्टे कात्रीने कापा आणि कवचावर ‘खराब’ असं मार्करने मोठं लिहा.